वळकटी उलगडताना: लांब चालणाऱ्यांच्या झोपेचा इतिहास शोधायचा कुठे?

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो: "विषय छोटा आहे, चालेल का?" आज त्याचं उत्तर एका खरोखर छोट्या वस्तूच्या आधाराने देऊन बघतो. वस्तू इतकी छोटी की मुठीत मावते आणि वजन भरतं साधारण सव्वाशे-दीडशे ग्रॅम. ती म्हणजे स्लीपिंग बॅगेच्या आत घालायचा रेशमी लायनर.

हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांना तो माहीत असेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: पातळ रेशमी कापडाची, माणसाच्या लांबीची शिवलेली पिशवी. आधी आपण तिच्यात शिरायचं आणि मग तिच्यासकट स्लीपिंग बॅगेत. फायदे तीन. अंगाचा घाम आणि तेल बॅगेला लागत नाही, म्हणजे जड बॅग वारंवार धुवावी लागत नाही. बॅग भाड्याची असेल तर दुसऱ्याने वापरलेलं कापड थेट अंगाला लागत नाही. आणि अंग व बॅग यांच्यामध्ये हवेचा आणखी एक थर अडकतो, त्यामुळे थोडी ऊब वाढते. उन्हाळ्यात तर नुसता लायनरही पुरतो. रेशीमच का? ते हलकं असतं, घडी बारीक होते, धुतलं तर लवकर वाळतं, आणि हवेतला ओलावा कापसापेक्षा थोडा जास्त शोषूनही अंगाला ओलं लागत नाही.

आता संशोधक म्हणून यातून प्रश्न कसा काढायचा? "लायनरचा शोध कोणी लावला" हा प्रश्न इथे फार कामाचा नाही. त्याचं उत्तर युरोपात सुरू होतं. वेल्समधल्या न्यूटाऊनचे व्यापारी प्राइस जोन्स यांनी 1876 मध्ये "युक्लिसिया रग" या पांघरुणवजा पिशवीचं पेटंट घेतलं आणि ती रशियन सैन्याला विकली, असा तो धागा आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी 1879 च्या आपल्या प्रवासवर्णनात बाहेरून जलरोधक कापड आणि आतून मेंढीची लोकर अशा स्वतः बनवून घेतलेल्या पिशवीचं वर्णन केलं आहे. तिथे वाचायला भरपूर मिळेल. पण आपला प्रश्न वेगळा आहे: शेकडो किलोमीटर चालणारी आपल्याकडची माणसं रात्री अंगाला काय लावून झोपत होती? आणि त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न: ही गोष्ट आपल्याला इतकी कमी का माहीत आहे?

एक गाव धरून चालू या

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण घेऊ: वैराग, तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं जुनं बाजारगाव. इथून पंढरपूर सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे चालत साधारण तीन मुक्काम. उत्तरेला बार्शी, तिथे भगवंताचं देऊळ. शेगावची गजानन महाराजांची पालखी महिन्याहून अधिक दिवस चालून, सातशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून पंढरपूरला पोचते आणि परतीच्या वाटेवर बार्शीला येते. म्हणजे हा सगळा पट्टा चालणाऱ्यांच्या ओळखीचा. तुम्ही वैरागचे नसाल तरी हरकत नाही. आपापलं गाव घ्या, पद्धत तीच.

ठिकाण घेतलं की पहिली शिस्त आपोआप येते. "वारकरी काय पांघरायचे?" हा प्रश्न फार ढोबळ आहे, हे लगेच कळतं. कारण वारी एक नाही, चार आहेत. आषाढीला पाऊस आणि चिखल, कार्तिकीला दव आणि थंडी, माघीला पहाटेचा गारठा, चैत्रीला ऊन. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यामुळे इथला पाऊस कोकणासारखा सलग नाही, पण आषाढीच्या वाटेवर एक रात्र भिजलं तरी पुढचे दोन मुक्काम ओल्या अंथरुणात जातात. म्हणजे चार वाऱ्यांचं अंथरूण-पांघरूण एकसारखं असणं शक्य नाही. कोणी तुम्हाला "वारकऱ्याचं पारंपरिक पांघरूण" असं एकवचनी वाक्य सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारा: कुठल्या वारीचं?

दुसरी शिस्त काळाची. आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्याला आजची शिस्तबद्ध घडण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळमार्गाची गाडी बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी 1897 मध्ये सुरू झाली आणि 1906 मध्ये पंढरपूरपर्यंत पोचली. वैराग त्या मार्गावर नव्हतं. पण बार्शीपर्यंत चालत किंवा बैलगाडीने जाऊन पुढे गाडी धरणं 1906 नंतर शक्य झालं. तीन मुक्कामांची वाट एका मुक्कामाची झाली की पाठीवर काय घ्यायचं याचा हिशोब बदलतो. त्यानंतरचा मोठा बदल दिंडीच्या ट्रकचा. आज बहुतेक मोठ्या दिंड्यांचं सामान ट्रकमधून पुढे जातं आणि संध्याकाळी मुक्कामाला तंबूत मिळतं. ट्रकच्या आधीचा माणूस जे पांघरणार ते स्वतः, नाहीतर फार तर दिंडीच्या बैलगाडीवर वाहून नेत होता. म्हणून "ट्रकच्या आधी" आणि "ट्रकच्या नंतर" असे दोन काळ तुमच्या वहीत आधीच आखून ठेवा.

घोंगडी: बाहेरचा थर

चालणाऱ्याचं पांघरूण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर घोंगडी येते, आणि ते बरोबरच आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि बहुतांशी काळी. धनगर मेंढ्या राखत, लोकर कातरत, सूत कातत; विणण्याचं काम प्रामुख्याने सनगर समाजाचं. पंढरपूर, सांगोला हा घोंगडीचा जुना पट्टा. विणण्याआधी ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी ताठ असते आणि अंगाला टोचते. वापरून वापरून, वर्षभराने ती मऊ पडते.

घोंगडीचे गुण सांगायला नकोत. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा आत घेऊनही पटकन ओली लागत नाही. पावसात तिची एक बाजू दुमडून डोक्यावरून घेतली की खोळ होते. पण संशोधकाने गुणांबरोबर दोषही मांडायचे असतात, कारण बहुतेक वेळा इतिहास दोषांतून पुढे सरकतो. घोंगडी जड असते. ती वारंवार धुता येत नाही; धुतली तर आटते आणि वाळायला दिवस घेते. आणि ती टोचते. म्हणजे आजच्या स्लीपिंग बॅगेची अडचण आणि घोंगडीची अडचण एकच: बाहेरचा थर ऊब देतो, पण तो धुता येत नाही. मग आत धुता येईल असं काहीतरी हवंच.

ते "काहीतरी" काय होतं? इथे आपला शोध अडतो, आणि तो का अडतो हे समजणं फार महत्त्वाचं आहे.

ज्या वस्तूला नाव नाही

आजचा लायनर ही वेगळी वस्तू आहे. तिला नाव आहे, किंमत आहे, वजन लिहिलेला कागद आहे. पूर्वीच्या चालणाऱ्याकडे आतला थर होता, पण तो वेगळी वस्तू नव्हता. दिवसा जे धोतर नेसलं जाई किंवा जे उपरणं खांद्यावर असे, तेच रात्री घोंगडीच्या आत अंगाभोवती येई. बाईच्या बाबतीत दुसरं लुगडं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं. तेच कापड सकाळी नदीवर धुऊन, चालता चालता खांद्यावर वाळवायचं. तेच अंग पुसायला, तेच शिधा बांधायला, तेच उन्हात डोक्यावर घ्यायला.

त्यामुळे तुम्ही एखाद्या जुन्या यादीत, घरवाटणीच्या कागदात किंवा गॅझेटियरमध्ये "झोपताना आत घ्यायचं कापड" असं शोधाल तर काहीही सापडणार नाही. धोतर सापडेल, लुगडं सापडेल. 1884 च्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कापड, रेशीम, घोंगड्या यांच्या विणकामाची माहिती आहे. पण तिथे वस्तू येते ती उत्पादन आणि व्यापार म्हणून. विकली गेल्यानंतर रात्री तिचं काय झालं, हा गॅझेटियरचा प्रश्नच नव्हता.

यातून एक नियम लिहून ठेवा: वस्तू नावाने शोधू नका, कामाने शोधा. एका वस्तूची पाच कामं असतात आणि कागदावर त्यातलं एकच येतं.

शब्दकोश इथे मदतीला येतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) नुसता अर्थ बघायला उघडू नका, अंथरुणाचे शब्द गोळा करायला उघडा. वळकटी, पासोडी, वाकळ, गोधडी, दुपटं, चवाळं, खोळ. "खोळ" हा शब्द तर आपल्यासाठी फारच बोलका आहे. उशी किंवा गादीला घालायचा अभ्रा ती खोळ, आणि पावसात घोंगडीची केलेली कुंचीही खोळच. एकीत अंथरुणाचं मळापासून रक्षण, दुसरीत माणसाचं पावसापासून. लायनरला मराठीत नवा प्रतिशब्द घडवायची गरज नाही; आतली खोळ म्हटलं तर वैरागच्या बाजारात कुणालाही कळेल.

पासोडी जपली गेली, पण कशासाठी?

आता पासोडीकडे वळू. पासोडी म्हणजे जाड, दुहेरी सुती चादर. अंथरायला, पांघरायला, दोन्हीला चालणारी. अशी एक पासोडी मराठीत फार प्रसिद्ध आहे. वैरागपासून फार दूर नाही, अंबाजोगाईला. सोळाव्या शतकातले संतकवी दासोपंत यांनी पंचीकरण हा विषय मांडताना कागदाऐवजी कापड वापरलं. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद. त्या कापडाला आजही "दासोपंतांची पासोडी" असंच म्हणतात.

ही गोष्ट मराठी साहित्याच्या इतिहासात नेहमी "केवढं लिहिलं" म्हणून सांगितली जाते. तुम्ही ती उलटी वाचा. त्या काळात घराघरांत पासोड्या असणार. त्या फाटल्या, त्यांच्या वाकळी झाल्या, वाकळींची पायपुसणी झाली आणि शेवटी माती झाली. जी शतकं ओलांडून राहिली ती अक्षरांमुळे राहिली. झोपेच्या कापडाला इतिहासात जागा मिळाली, पण त्याच्यावर कोणी झोपलं म्हणून नाही.

हे एकदा डोक्यात आलं की पुढची साधनं वेगळी दिसू लागतात. प्रत्येक साधनाला विचारायचं: इथे अंथरुणाची नोंद कशासाठी झाली आहे?

सोवळं: शुद्धतेसाठी नोंद

रेशमाकडे येऊ, कारण सुरुवात रेशमी लायनरने केली आहे. आपल्याकडे रेशीम अंगाला लागतं ते सोवळ्यात. पुरुषांचा कद, मुकटा. आणि लोकरीतली धाबळी. सुती सोवळं रोज धुऊन, कुणाचा स्पर्श न होता वाळवावं लागतं. रेशमी आणि लोकरीचं मात्र रोज धुवायची गरज मानली जात नाही. ही समजूत जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा भाग आहे, तिथे रेशीम आणि लोकर यांच्या शुद्धीसाठी खारट माती सांगितली आहे, म्हणजे त्यांना सुती कापडापासून वेगळं काढलं आहे.

लांबच्या प्रवासात या नियमाचा अर्थ काय होतो ते बघा. ज्याच्या वळकटीत मुकटा किंवा धाबळी आहे, त्याला रोज कापड धुऊन वाळवायची कटकट कमी. हलकं, लवकर वाळणारं, रोज न धुतलं तरी "चालणारं" कापड. लायनरच्या गुणांची आजची यादी आणि ही यादी शेजारी ठेवा. बऱ्याच अंशी जुळते. पण दोन्हींमागचं कारण एकच आहे असं लगेच म्हणू नका. शास्त्राचा नियम तंतूच्या गुणावरून आला की श्रीमंतांना परवडणाऱ्या कापडाला सवलत म्हणून आला, हे नुसत्या साम्यावरून ठरत नाही. साम्य दिसलं की तिथे प्रश्न सुरू होतो, उत्तर नाही.

आणि खरा मुद्दा पुढे आहे. कुणाकडे रेशीम होतं? एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातलं कच्चं रेशीम मोठ्या प्रमाणात चीन आणि बंगालातून येई; पटवेकरी ते तयार करत, विणकर विणत. ते सगळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणजे एकाच वाटेवर चालणाऱ्या दोन माणसांच्या अंगाला रात्री दोन वेगळी कापडं लागत होती, आणि त्या फरकात पैसाही होता आणि जातही. इरावती कर्वे यांनी पालखीबरोबर चालून लिहिलेला "वाटचाल" हा लेख (*परिपूर्ती*, 1949) जरूर वाचा. एकाच दिंडीत चालणाऱ्या लोकांच्या जातीप्रमाणे वेगळ्या होणाऱ्या पंगती त्यांनी पाहिल्या आणि त्याबद्दलची आपली अस्वस्थता लिहिली. जेवणाच्या पंगतीबद्दल आपल्याकडे असं लिखाण आहे. मग पुढचा प्रश्न तुमचा: अंथरुणांच्या रांगांचं काय? कोण कुणाशेजारी झोपत होतं, आणि कुणाची वळकटी कुणाच्या वळकटीला लागलेली चालत नव्हती?

असाच दुसरा वाचण्याजोगा मजकूर म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा *माझा प्रवास*. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक 1857 मध्ये उत्तरेकडे निघाला, बंडाच्या धामधुमीत सापडला आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतला. पुस्तक चिं. वि. वैद्य यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलं. आपण ते झाशीच्या राणीसाठी वाचतो. एकदा फक्त सामानासाठी वाचा. पेन्सिल घेऊन बसा आणि कपडा, अंथरूण, मुक्काम, आंघोळ, चोरी असा शब्द आला की खूण करा. दि. बा. मोकाशी यांचं *पालखी* (1964) हेही तसंच वाचा. परिचित पुस्तकाला अपरिचित प्रश्न विचारणं हे नव्या संशोधकाला सगळ्यात स्वस्तात मिळणारं साधन आहे.

जाळण्यासाठी नोंद

सरकारी दप्तरात अंथरूण येतं का? येतं. पण कधी, ते बघा.

1866 मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्यानंतर यात्रा आणि पटकी (कॉलरा) यांचं नातं हा ब्रिटिश सरकारच्या कायमच्या चिंतेचा विषय झाला. पंढरपूरची यात्रा त्यात ठळक. मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालांत यात्रेकरू येतो तो रोग वाहून नेणारा म्हणून. मग 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली आणि कपडे-अंथरुणं निर्जंतुक करणं हा त्या व्यवस्थेचा भाग झाला. पंढरपूरच्या यात्रेबाबत सरकारच्या या आरोग्यविषयक धास्तीवर, विशेषतः 1908 ते 1916 या काळावर, मंजिरी कामत यांचं संशोधन आहे. वारीवर काम करायचं असेल तर ते टाळून पुढे जाता येणार नाही.

म्हणजे गरीब यात्रेकरूचं अंथरूण दप्तरात आलं ते धोका म्हणून. वाफवायचं, औषधाच्या पाण्यात बुडवायचं किंवा जाळायचं कापड म्हणून. थंडीत त्याच्याकडे एकच वळकटी होती आणि ती गेली, तर पुढचे मुक्काम त्याने कसे काढले असतील, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. गंमत म्हणजे त्याच काळात हिंदुस्थानातले गोरे सैनिक पोटाला फलाणीचा पट्टा बांधत. त्याला नावच होतं "कॉलरा बेल्ट". पोटाला गारठा लागला की पटकी होते, अशी समजूत. पट्ट्याने पटकी थांबत नाही. ती दूषित पाण्यातून पसरते. पण बघा, सैनिकाच्या अंगाला लागणारं कापड त्याच्या रक्षणासाठी नोंदलं गेलं आणि वारकऱ्याच्या अंगाला लागणारं कापड इतरांच्या रक्षणासाठी.

देवाची झोप आणि भक्ताची झोप

या सगळ्यात एका झोपेची मात्र चोख नोंद आहे. विठ्ठलाच्या.

पंढरपुरात रोज रात्री शेजारती होते, देव झोपतो. पण आषाढी आणि कार्तिकीच्या आधी मुहूर्त पाहून देवाचा पलंग काढतात. मग देव झोपत नाही. भक्तांसाठी दिवसरात्र दर्शन खुलं. उभं राहून शीण होऊ नये म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीला तक्क्या देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, शीण घालवायला काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि पलंग परत येतो. "देवाचा पलंग निघाला" ही बातमी दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येते, तारखेसकट.

देवाला उभं राहून पाठ दुखेल, ही कल्पनाच किती जिव्हाळ्याची आहे. ज्या समाजाने देवाच्या पाठीचा इतका विचार केला, त्याला शीण म्हणजे काय हे नीट माहीत होतं. चालून आलेल्या माणसाच्या पाठीचं ज्ञान त्या लोडामागे आहे, असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे, पुरावा नाही. तुम्हीही आपल्या लेखनात हे दोन नेहमी वेगळे ठेवा. पण देवाच्या लोडाची नोंद आहे आणि ज्याच्यासाठी देव जागा राहिला त्या माणसाच्या उशाशी काय होतं याची नाही, हा फरक अनुमान नाही.

जुनं कापड जातं कुठे?

कागद संपले की वस्तूंकडे जावं. इथे एक अडचण आधीच ओळखून ठेवा. सुती लुगडं फाटलं की त्याची गोधडी होते. चार-पाच थर, वर धावदोरा. म्हणजे जुनी गोधडी उसवली तर आत आणखी जुनी लुगडी भेटतात. तो कापडाचा एक प्रकारचा दप्तरखानाच असतो. जरीच्या रेशमी वस्त्राचं तसं होत नाही. जीर्ण झालं की ते जर काढून घेणाऱ्याला विकायचं. कापड जाळून धातू काढतात. म्हणजे गरिबाचं कापड घरात टिकतं आणि श्रीमंताचं जळून जातं. संग्रहालयात मात्र नेमकं उलटं चित्र दिसतं, कारण तिथे जपलेलं सणावाराचं भरजरी वस्त्र येतं, रोजची वाकळ येत नाही. संग्रहालय बघून "पूर्वी असं नेसायचे" असा निष्कर्ष काढण्याआधी हा हिशोब आठवा.

त्यातच सोलापूर. 1877 मध्ये इथे पहिली कापडगिरणी, जुनी मिल, उभी राहिली. पुढे पद्मशाली विणकरांच्या हातमाग-यंत्रमागांनी सोलापुरी चादर घराघरांत नेली. महाराष्ट्रातून सुरुवातीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंत ती आहे. घोंगडीपेक्षा धुवायला सोपी, अंगाला न टोचणारी, आणि स्वतःच पांघरूण होणारी. ती वळकटीत आली तेव्हा घोंगडी आणि आतलं लुगडं हे दोन्ही थर एकदम मागे पडले का? वैरागसारख्या गावात हे नेमकं कुठल्या दशकात घडलं? माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात चांगला आणि अजून मोकळा प्रश्न आहे. शिवाय आज सोलापूर जिल्ह्यात तुतीची शेती आहे, जालन्याला 2018 पासून कोषांची बाजारपेठ आहे. म्हणजे रेशीम पिकवणारा शेतकरी आता इथलाच आहे. त्याच्या अंगाला रात्री काय लागतं, हेही विचारायला हरकत नाही.

मग वैरागला जाऊन विचारायचं काय?

ट्रकच्या आधी चाललेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. सरकारी दप्तर तुमची अजून दहा वर्षं वाट पाहील, ही माणसं पाहणार नाहीत. म्हणून हे काम आधी करा. "वारीच्या आठवणी सांगा" असं विचारलंत तर भक्तीच्या ठरलेल्या गोष्टी मिळतील. त्या खऱ्याच असतात, पण तुम्हाला हव्यात त्या त्या नव्हेत. प्रश्न कापडाला बांधून ठेवा:

1. कुठली वारी, आणि सामान कोण उचलायचं? तुम्ही, बैलगाडी, की घरातलं दुसरं कोणी?
2. वळकटीत वरून खालपर्यंत काय काय असायचं? शक्य असेल तर घरातल्याच कापडांची वळकटी बांधून दाखवाल का? (हात आठवतात ते तोंड विसरलेलं असतं.)
3. अंगाला थेट काय लागायचं? ते कुठे धुवायचं, कुठे वाळवायचं?
4. पाऊस लागला त्या रात्री काय केलं?
5. ते कापड पुढे कुठे गेलं?

बायकांशी बोलताना तिसऱ्या प्रश्नाला फार वेळ द्या आणि शक्यतो तिथे पुरुष नसतील असं बघा. उघड्यावर झोपायचं, कपडा बदलायचा, पाळी आली तर काय करायचं. या सगळ्याला एकच जादा लुगडं पुरवायचं. आतला थर म्हणजे बाईसाठी नुसती ऊब नाही, आडोसा होता. जातीबद्दल थेट विचारू नका, "तुमच्या शेजारी कोण झोपायचं?" एवढं विचारा आणि गप्प राहा. नाव छापायला परवानगी घ्या. आणि जुनी गोधडी आवडली म्हणून मागू नका. ती कुणाच्या आईची लुगडी असतात. फोटो काढा, थर मोजा, टाके बघा, परत घडी घालून द्या.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. विषय छोटा असला तर चालतो का? दीडशे ग्रॅमच्या पिशवीपासून निघून आपण घोंगडीचं अर्थकारण, सोवळ्याची जात, साथींचं राज्य, देवाचा पलंग आणि बाईचा आडोसा इतकं फिरलो. विषयाचा आकार वस्तूवर ठरत नाही, तिला किती साधनं आणि किती माणसं जोडलेली आहेत यावर ठरतो. फक्त दर वळणावर तोच एक प्रश्न विचारत राहा: ही नोंद कुणी, कशासाठी केली? आणि ज्याची नोंद झाली नाही, तो त्या रात्री झोपला कसा?